खिडकीजवळचं टेबल

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. स्पेनमधल्या सेगोव्हियाजवळच्या एका गावात, चौकातल्या खाणावळीच्या गल्ल्यावर माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्या वस्तू सहसा आपल्या सेवेचा अभिमान सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी लाज आहे.

मला इथे शेजारच्या गावातल्या एव्हारिस्तो नावाच्या तरुण लाइनमनने बसवले. स्क्रू आवळून त्याने मला स्वतःच्या रुमालाने पुसले आणि मालकाला म्हणाला, "यात माणसाचं तोंड दिसत नाही. ऐकू येईल तेच खरं धरायचं." त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. जेवण इथेच, खिडकीजवळच्या टेबलावर. पुढे तो फिरकला नाही. लाइनमनच्या पगारात इथले भट्टीत भाजलेले कोकरू एकदाच बसते.

नंतर मालकाचा मुलगा अन्सेल्मो गल्ल्यावर आला. त्याने एक रीत पाडली. कोणी टेबल मागितले, की तो म्हणायचा, "रविवारी? अहो, पाय ठेवायला जागा नाही!" मग कोरी वही माझ्या तोंडाशी धरून पाने फडफडवायची. "थांबा, थांबा... नशीबवान आहात! एकांनी आत्ताच रद्द केलंय. किती जण? किती वाजता? नाव काय लिहू?"

गावाला हे पाठ होते. पाने उलटेपर्यंत लोक निवांत खोकून घेत. अन्सेल्मोची बायको रेमेदिओस स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा हळू उलटा! फाटली तर पुन्हा कोरी वही आणावी लागेल!"

मलाही गंमत वाटायची. हे कबूल करायला हवे.

एका शुक्रवारी सकाळी अकराला मी वाजलो. आवाज थकलेला होता, पण चव्वेचाळीस वर्षांनीही मी तो ओळखला.

"रविवारी अडीचला दोघांसाठी टेबल मिळेल का? खिडकीजवळचं. चारच्या बसने आम्ही बिलबाओला मुलीकडे चाललोय. कायमचेच."

"रविवारी? अहो, पाय ठेवायला जागा नाही!" अन्सेल्मोने वही उचलली.

"अरेरे. असू दे, असू दे. धंदा चांगला चाललाय, ऐकून बरं वाटलं."

खट्. अन्सेल्मो पान हातात धरून उभा.

"हॅलो? अहो, थांबायचं असतं ना! कोण होतं हे?"

मला माहीत होते. मला सांगता येत नाही. माझ्यावर नंबरही दिसत नाही.

रविवारी त्याने खिडकीजवळचे टेबल मांडून ठेवले. दोघांचे कोकरू भट्टीत सरकवले. अडीच वाजले, तीन वाजले. अकरापैकी सात टेबले रिकामी होती. समोर चौकातल्या बाकावर, पायाशी दोन बॅगा ठेवून, चर्चला जायच्या ठेवणीतल्या कपड्यांतले एक जोडपे कागदातला पाव-ऑम्लेट खात होते.

अन्सेल्मो धावला. दार उघडेच राहिले, म्हणून मला ऐकू आले.

"काका, तो फोन तुमचाच ना? आत या. एक टेबल आत्ताच रिकामं झालंय."

तेव्हाही त्याच्या तोंडातून तेच निघाले.

एव्हारिस्तोने काचेतून आत पाहिले. सगळी टेबले पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

"नको रे बाळा, तुझी गिऱ्हाइकं खोळंबतील. आमचं झालं खाऊन."

त्याच्या बायकोने कागदाची नीट घडी केली. "छान चाललीय हो खाणावळ. तुझ्या बाबांना बरं वाटलं असतं."

बस आली. अन्सेल्मोने दोन्ही बॅगा चढवून दिल्या. नाव विचारायचे त्याला सुचले नाही. आत येऊन त्याने कोरी वही मिटून गल्ल्याच्या खणात टाकली. 

आता मी वाजलो, की अन्सेल्मो आधी म्हणतो, "आहे, जागा आहे. या." जत्रेच्या दिवशी जागा खरोखरच नव्हती, तेव्हा त्याने चार माणसे स्वयंपाकघरात बसवली आणि रेमेदिओस उभ्याने जेवली. शुक्रवारी अकराला वाजलो, तर तो हातातले टाकून धावतो. तो आवाज अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. फक्त माझ्यात बोलताना जपा. पलीकडे एखादा असा असतो, जो ऐकू येईल तेच खरे धरतो.