टिंबाएवढं चित्र

माझा धाकटा भाऊ बारक्या आणि मी, आमचं बोलणं वर्षभर बंद होतं. कारण कोट.

कपडे शिवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. बारक्याच्या कंपनीचा मोठा समारंभ होता, म्हणून मी त्याला गडद निळा कोट शिवून दिला. काजं हातानं केली. अस्तर असं बसवलं की कोट उलटा घातला असता तरी चार माणसांनी विचारलं असतं, कुठं शिवला म्हणून. आणि समारंभाचा फोटो आला तर त्यात हा पठ्ठ्या दुकानातून आणलेला, खांद्यात ढगळ, तपकिरी कोट घालून उभा. मी फोन केला. म्हटलं, माझा कोट कुठंय? तर म्हणे, "कपाटात आहे, ताई. नीट आहे." नीट ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय? मी फोन ठेवला आणि त्यानंतर त्याचा फोन उचलला नाही.

मग त्याचे मेल यायला लागले. बारक्या जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे मेल लिहिणं त्याला शिंक येण्याइतकं सोपं. कोटाचा उल्लेख नाही, माफी तर नाहीच. नुसतं, "स्वयंपाकघरातला नळ गळतोय. माणूस येऊन गेला. आता दोन ठिकाणी गळतोय." किंवा, "मांजर माझ्या खुर्चीवर बसलंय. मी उभ्यानं लिहितोय." खाली, बारक्या. लहानपणी काडीसारखा होता म्हणून हे नाव पडलं, ते पन्नाशी उलटली तरी चिकटून आहे.

मी उत्तर देत नव्हते. थोरल्या मावशीला ठणकावून सांगितलं होतं, "मी त्याचे मेल उघडतसुद्धा नाही. आले की कचऱ्यात." मावशीच्या कानावर घातलेली गोष्ट पोचवायला वेगळा माणूस लागत नाही. आठवडाभरात तिचा फोन आला.

"सांगितलं गं त्याला."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. हसला."

हसला म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या भरात एका गिऱ्हाइकाची पँट मी चार बोटं आखूड करून ठेवली.

खरं सांगायचं तर मी त्याचा प्रत्येक मेल उघडत होते. सकाळी दुकान उघडलं की, दुपारी डबा खाताना, संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी. नळाचा मेल तर पाठ झाला होता. मला त्याची आठवण यायची, झालं. पण आठवण येते म्हणून कोट विसरायचा की काय?

त्यातच दुकानाच्या मेलवर कचरा साचायला लागला. केस उगवायचं तेल, गुडघ्याचा पट्टा, कुठल्या तरी मेलेल्या राजपुत्राची खास माझ्यासाठी ठेवलेली संपत्ती. त्या ढिगाखाली एका बाईंची पडद्यांची मापं हरवली आणि बाई दुकानात येऊन मला चार शब्द सुनावून गेल्या. तेव्हा मी सूनबाईला बोलावलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि मलाही विद्यार्थ्यांच्या शेवटच्या बाकावर बसवते.

"आई, तुम्ही हे सगळे मेल उघडता?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं कोणाचा आहे ते?"

"त्यातली चित्रं आपोआप दिसतात ना, ती पाठवणाऱ्याच्या मशीनवरून येतात. चित्र मागवलं गेलं की त्याला तिकडे कळतं, पत्ता खरा आहे आणि बाईंनी मेल उघडलाय. कधी उघडला, किती वेळा उघडला, सगळं. मग तो आणखी पाठवतो आणि तुमचा पत्ता दुसऱ्यालाही विकतो."

"पण काही मेलमध्ये चित्र नसतंच."

"असतं. टिंबाएवढं, पांढऱ्यावर पांढरं. ते तुम्ही बघायला नसतं, आई. तुम्हाला बघायला असतं."

म्हणजे इतके दिवस दारावर टकटक करणाऱ्या प्रत्येक भामट्याला मी आतून ओरडून सांगत होते की घरात कोणी नाही. सूनबाईनं कुठेसं जाऊन चित्रं आपोआप दिसणं बंद केलं. आता चित्राच्या जागी रिकामी चौकट येईल, म्हणाली, आणि माणूस ओळखीचा असेल तरच 'चित्र दाखवा' वर बोट ठेवायचं.

दुसऱ्याच दिवशी बारक्याचा मेल आला. एकच शब्द, "बघ." खाली रिकामी चौकट. एक तर वर्षभर कोटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आणि वर हुकूम सोडायचे. माणूस ओळखीचा असेल तरच, असं सूनबाई म्हणाली होती. माझा कोट कपाटात कोंडणाऱ्याला मी ओळखत नाही. मी चौकटीला हात लावला नाही.

मग आला, "ताई, बघितलंस का?" त्यानंतर, "ताई, बरी आहेस ना?" मी दोन्ही नेहमीसारखे पुन्हा पुन्हा वाचले आणि नेहमीसारखी गप्प बसले.

आठवडा संपता संपता, भर उन्हाच्या वेळी, बारक्या दुकानाच्या दारात उभा. अंगात माझा निळा कोट, पायात घरातल्या सपाता, घामानं थबथबलेला.

"जिवंत आहेस," तो म्हणाला आणि दाराला टेकला.

"मला काय धाड भरलीय?"

"इतके दिवस तू माझा एकही मेल उघडला नाहीस."

"मी कधीच उघडत नाही. मावशीनं सांगितलं नाही का?"

"ताई, नळाचा मेल तू एकोणीस वेळा उघडलायस."

माझे कान गरम झाले. टिंब. सख्ख्या बहिणीच्या मेलमध्ये टिंब. मावशीपाशी हा का हसला, तेही आत्ता कळलं.

"माझ्यावर पाळत ठेवतोस? त्या तेलवाल्यासारखी?"

"पहिल्यांदा चुकून गेलं, ऑफिसच्या सवयीनं. मग मुद्दाम." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "तू फोन उचलत नव्हतीस. माझ्याकडे तेवढंच होतं. सकाळी ऑफिसात गेलो की आधी तेच बघायचो. उघडलेला दिसला की वाटायचं, चला, अजून तुटलेलं नाही. आणि अचानक सगळं शून्य. आधी वाटलं, आता खरंच तोडलंस. मग वाटलं, आजारी असशील. मग मला बसवेना."

माझ्याकडे उत्तरं तयार होती, एकाहून एक जहाल. पण शिवणाऱ्या बाईची नजर माणसाच्या तोंडावर फार वेळ राहत नाही. कोट पुढून उघडा होता. बटण एका गावाला, काज दुसऱ्या.

"बटण लाव," मी म्हटलं.

"ताई, जाऊ दे ना."

"लाव."

त्यानं पोट आत घेतलं, चेहरा जांभळा झाला, पण गाठ पडेना.

"समारंभालाही असंच?"

"माप घेतलंस त्यानंतर सुटलं ते." तो सपातांकडे बघत होता. "एवढी काजं हातानं केलेली तू. कोणत्या तोंडानं सांगू? वर तू माझं खाणं काढलं असतंस."

"काढलंच असतं. आणि परवा काय बघ म्हणत होतास?"

"फोटो. कोट घालून काढला होता. श्वास रोखून धरला तेव्हा एक बटण लागलं. सोडला तसं तुटलं." त्यानं खिशातून ते बटण काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

एवढ्याशा बटणापायी वर्ष गेलं होतं. मला रडू येत होतं, म्हणून मी त्याच्या अंगावर ओरडले. "काढ तो कोट. दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत दोन-दोन बोटं माया ठेवलीय मी. सांगितलं असतंस तर त्याच संध्याकाळी उसवून मोठा केला असता, मूर्खा."

तो चहा पीत बसला आणि मी कोट उसवत त्याची पोटापासून सपातांपर्यंत हजेरी घेतली. जाताना त्याला बजावलं, "आजपासून ते टिंब बंद."

"बंद," तो म्हणाला.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा मेल आलेला होता. "नळ थांबला. आता दार वाजतं." बाकी काही नाही. मात्र वरच्या बाजूला पट्टी आली होती: या मेलमधली चित्रं अडवली आहेत. म्हणजे टिंब होतंच. दिलेला शब्द दाराबाहेर पडेपर्यंत टिकला, तर तो बारक्या कसला.

पट्टीवर दोन गोष्टी विचारल्या होत्या. या वेळेपुरती दाखवू, की या पत्त्यावरून आलेली नेहमी दाखवू. समोर एक गिऱ्हाईक फाटकी बाही घेऊन उभं होतं. त्याला थांबा म्हटलं आणि 'नेहमी' वर बोट ठेवलं.

मग मेल बंद केला. पुन्हा उघडला. बंद केला, पुन्हा उघडला. मोज म्हटलं.