भगवानरावांनी पाहिलेला समुद्र

सावरखुटा गावात समुद्राचं खातं भगवानरावांकडे होतं. साखरखेर्ड्याच्या पलीकडे, माळावर वसलेलं हे गाव. तिथून समुद्र कोणत्या दिशेला आहे यावरही एकमत नव्हतं. पुण्याला कामाला गेलेली चार-दोन पोरं मुंबईचा समुद्र पाहून आली, तरी गावात येऊन ती आधी भगवानरावांना विचारायची की आम्ही पाहिला तो खराच होता ना. भगवानराव दोन-चार प्रश्न विचारायचे आणि मग म्हणायचे, हो, होता, पण लहान होता.

त्यांचा स्वतःचा समुद्र मोठा होता. चाळीस वर्षांपूर्वी तूरडाळीच्या ट्रकबरोबर ते रत्नागिरीकडे गेले होते. परतताना ड्रायव्हरचं खाजणवाडी नावाच्या गावात कुणाकडे तरी काम निघालं, आणि तिथं अर्धा तास त्यांनी समुद्र पाहिला. बांबूएवढ्या उंच लाटा, एकामागून एक. गर्जना अशी की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

खरी गोष्ट अशी की त्या अर्ध्या तासात भगवानरावांनी पाण्याचा थेंबही पाहिला नव्हता.

ते धावत किनाऱ्यावर गेले, तर समोर चिखल. लांबच लांब, काळा, चकचकीत चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. मे महिना होता. भगवानरावांनी आपल्या भागातल्या अनुभवावरून ताबडतोब अर्थ लावला. विहीर आटते, नाला आटतो, तसा समुद्रही आटला. कुणाला विचारायची त्यांना लाज वाटली. एवढ्या लांब समुद्र पाहायला यावं आणि नेमका तो आपल्याच वेळेला आटावा, हे गावात कसं सांगायचं? घरी आल्यावर मित्राने, पुंजाजीने, विचारलं, लाटा केवढ्या होत्या? भगवानरावांच्या तोंडून निघून गेलं, बांबूएवढ्या. तेव्हापासून त्या तेवढ्याच राहिल्या.

यंदा पाचवीच्या वर्गाला एक प्रकल्प आला. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लहान गावाची ओळख तक्त्यावर लिहायची. घरं, लोक, धंदा, खाणं आणि समुद्र, असे रकाने. शैलजा मॅडम देऊळगाव राजाहून रोज बसने येत. त्यांनी वर्गाला गाव निवडायला सांगितलं, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, खाजणवाडी. दुसऱ्या दिवशी माहिती द्यायला भगवानराव वर्गात खुर्चीवर बसले होते.

पोरांना समुद्राबद्दल शेतकऱ्याचे प्रश्न होते. समुद्राला बांध असतो का, सातबारा कोणाच्या नावावर असतो, बैल आत गेला तर दंड कोण भरतो. हर्षल नावाच्या मुलाला एका गोष्टीने कालपासून झोप नव्हती.

"आजोबा, समुद्रात मोटार टाकली तं किती वावर भिजते?"

"जिल्हा भिजते."

"मंग काऊन नाही टाकत लोक?"

"खारट हाय बे ते."

"तुम्ही पेले?"

"तांब्याभर पेलो," भगवानराव म्हणाले. मुलं थक्क झालेली पाहून त्यांना राहवलं नाही. "तीन दिवस पोट बिघडलं."

अश्विनी हे सगळं तक्त्यावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होती. समुद्राच्या रकान्यात तिने लिहिलं, लाटा: बांबूएवढ्या. मग शैलजा मॅडमनी आनंदाची बातमी दिली. खाजणवाडीच्या शाळेचा नंबर त्यांनी शोधून काढला होता. सोमवारी अकरा वाजता तिथले गुरुजी मोबाइलवरून आपलं गाव दाखवणार होते, आणि ते शाळेच्या मोठ्या टीव्हीवर दिसणार होतं. भगवानरावांनी पहिल्या रांगेत बसायचं.

भगवानराव घरी आले. आटलेला समुद्र एव्हाना भरला असेल की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. भरला असेल तर लाटा मोजल्या जातील. आटलेलाच असेल तर विचारायलाच नको. पारावर सोमवारनंतर कोणत्या तोंडाने बसायचं?

रविवारी ते वायरमन गणेशला भेटले आणि सहज चौकशी केली, की सोमवारी अकराच्या सुमारास लाइट जायचा काही संभव आहे का. गणेशला वाटलं, म्हातारा काळजी करतोय. त्याने भरउन्हात शाळेच्या खांबावर चढून सगळ्या तारा आवळल्या आणि खाली येऊन छातीवर हात ठेवून सांगितलं की आता वादळ आलं तरी लाइट जात नाही.

सोमवारी सकाळी भगवानरावांनी देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला जायचं काढलं. त्यांची बायको आशाबाई म्हणाल्या, बालाजी मंगळवारीही तिथंच राहते. तरी ते निघाले. बसच्या थांब्यावर पाचवीचा वर्ग आधीच उभा होता. पाहुण्यांना घरून आणायला मॅडमनीच पाठवलं होतं, आणि वाट थांब्यावरूनच जात होती. हात धरून, पिशवी उचलून, मिरवत त्यांना शाळेत नेण्यात आलं. तिथं निम्मं गाव बसलेलं होतं आणि पुंजाजी पहिल्या रांगेत.

टीव्ही सुरू झाला. लाइट अगदी लख्ख होता. खाजणवाडीचे गुरुजी हसतमुख होते. त्यांनी कौलारू घरं दाखवली, सुपारीची झाडं दाखवली, वाळत घातलेली जाळी दाखवली. बांबूंवर मासळी वाळत होती, ती पाहून हर्षलने जाहीर केलं की यांच्या कुरडयांना डोळे आहेत. मग गुरुजी म्हणाले, चला, आता समुद्राकडे.

भगवानरावांनी डोळे मिटले. ते गर्जनेची वाट पाहत राहिले. गर्जना आली नाही. आलं ते पुंजाजीचं हसू.

त्यांनी एक डोळा उघडला. समोर चिखल होता. लांबच लांब, काळा, चकचकीत, आणि त्यात होड्या कलंडलेल्या.

"भगवाना, बांबू कुठं गेले बे?" पुंजाजी म्हणाला आणि सगळा वर्ग वळून भगवानरावांकडे पाहू लागला.

भगवानराव उठून उभे राहिले. चेहरा असा उजळला होता जणू हरवलेली म्हैस चाळीस वर्षांनी दारात आली.

"असाच होता," ते म्हणाले. "पोरांनो, अस्साच. मी खोटं बोललो. लाटा नव्हत्या, पाणीच नव्हतं. मले वाटलं, समुद्र आटला."

आता मात्र कोणीच विश्वास ठेवेना. पुंजाजी म्हणाला, टीव्ही पाहून कोणीही असंच म्हणेल. हा खाजणवाडीला गेलाच नव्हता, जालन्यापर्यंतच गेला असेल. इतकी वर्षं लाटांवर विश्वास ठेवणारं गाव नेमकं चिखलावर अडून बसलं. खोटं पचलं होतं आणि खरं पचत नव्हतं.

त्यांनी गुरुजींना हात जोडले आणि म्हणाले, फोन उजवीकडे फिरवा. तिथं उतरायच्या दगडी पायऱ्या असतील. मी तिथंच कपाळाला हात लावून बसलो होतो, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मोजल्या. अकरा आहेत.

फोन फिरला. पायऱ्या होत्या. सगळी शाळा मोठ्याने मोजू लागली. नऊ, दहा, अकरा. आणि बारा.

पुंजाजीने मांडीवर थाप मारली. तेवढ्यात गुरुजी म्हणाले की वरची पायरी सिमेंटची आहे, ग्रामपंचायतीने गेल्या वर्षीच घातली.

पहिली टाळी कोणी वाजवली ते कळलं नाही, पण मग टाळ्या थांबेनात. गुरुजींनी समजावून सांगितलं, समुद्र आटत नाही. ही ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी मागे सरतं आणि दोनदा पुन्हा येतं. शैलजा मॅडमनी खिचडीची परात मागवली, तिच्यात पाणी ओतून ती एका बाजूने हळूच उचलली. एक कड कोरडी पडली, दुसरीकडे पाणी चढलं. मॅडम म्हणाल्या, खऱ्या समुद्राला मुख्यतः चंद्र ओढतो, आपल्याकडे हात आहेत. भगवानराव परातीवर वाकून कितीतरी वेळ पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, मी थांबलो असतो तर?

"सहा तासांनी आलं असतं," गुरुजी म्हणाले. "आजही येईल. पाचला पुन्हा फोन लावा."

कोणी घरी गेलं नाही. पाच वाजता टीव्ही लावला तेव्हा होड्या सरळ उभ्या राहून डुलत होत्या. चिखल कुठेच नव्हता. पाणी पायऱ्यांवर चढून आलं होतं, पार क्षितिजापर्यंत पसरलं होतं, आणि त्यावर ऊन पडलं होतं. आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं, कारण त्यांच्याकडे रुमाल नव्हता.

थोड्या वेळाने अश्विनी तक्ता घेऊन आली. तिने समुद्राच्या रकान्यातला बांबू खोडला होता. लाटा केवढ्या लिहू, असं तिने विचारलं. भगवानराव टीव्हीजवळ गेले. एक लाट पायरीवर येऊन फुटली, तिच्यापुढे त्यांनी हात पसरून धरला आणि नीट मापलं.

"वीतभर लिही," ते म्हणाले.

पुंजाजी मागून कळवळून म्हणाला, "दोन वीत तरी लिही ना बाई. चाळीस वर्षं ऐकलं आम्ही."

भगवानरावांनी नाही म्हणून मान हलवली. अश्विनीने वीतभर लिहिलं.