काड्या नसलेला चष्मा

माझ्या नवऱ्याचं सतरावं शतक म्हणजे माझी सवतच. चाळीस वर्षं त्यानं घरोघर टपाल वाटलं, पण जीव सगळा तिकडे. जेवताना तीस वर्षांच्या युद्धातल्या शिपायाला रोज किती पाव मिळायचा ते ऐकायचं, गाडीत बसलं की त्याच बरोक काळातला ऑर्गन ऐकायचा. मी कुरकुरते, पण असला आनंदी माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही.

त्या युद्धात स्वीडिश फौजेनं आमच्या जर्मन गावाला वेढा घातला होता. दर जूनमध्ये त्याचा खेळ होतो आणि अर्धं गाव जुने कपडे घालून चौकात उतरतं. स्वीडिश सेनापती खलिता धाडतो, नगराध्यक्ष पायऱ्यांवर उभा राहून तो मोठ्यानं वाचतो. खरी गंमत त्या खलित्यात. पाद्रीबुवा दर वर्षी तो नव्यानं लिहितात आणि सेनापतीच्या मागण्यांच्या नावाखाली गावाची वर्षभराची लक्तरं बाहेर काढतात. खलित्यावरची लाखेची मोहोर फुटेपर्यंत तो कुणालाच दाखवत नाहीत, त्यामुळे पाठ करायची सोय नाही.

माझा नवरा गोट्टहार्ड एकोणीस वर्षं त्यात मेलेला शिपाई होता. यंदा नगराध्यक्ष होणाऱ्या औषधवाल्याचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि भूमिका याच्याकडे आली. त्या दिवशी तो मला धरून स्वयंपाकघरात नाचला.

अडचण एकच. चष्म्याशिवाय त्याला वाचता येत नाही, आणि कानांवर काड्या ठेवायचा चष्मा त्या काळी नव्हता. हा नियम त्यानंच गावाला लावलेला. खेळाच्या सकाळी तो वेशीवर उभा राहून सगळ्यांची घड्याळं आणि चष्मे उतरवतो. कोटाची बटणंसुद्धा मोजून बघतो, म्हणून लोक त्याला बटणमोज्या म्हणतात.

"लाव की गुपचूप," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, रोझी!"

शेवटी जुन्या बाजारातून त्यानं नाकाला चिमटा काढणारा गोल चष्मा पैदा केला. आठवडाभर मला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, गेंगाण्या आवाजात.

खेळ रंगला. लाख फुटली. "आम्ही, स्वीडनच्या राणीचे सेनापती..." एवढं म्हणेतो घामानं चष्मा नाकावरून सटकला आणि दगडी पायरीवर फुटला.

त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला. एवढी वर्षं वाट पाहिली, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मढंच व्हायचं?

खेळात मी कांदेवाली होते. टोपली टाकून पायऱ्या चढले आणि एप्रनच्या खिशातून माझा चष्मा काढला. हिरव्या प्लॅस्टिकचा.

"हे चालत नाही," तो पुटपुटला.

"मग खलिता घरी नेऊन वाच."

"लाव रे बाबा!" खालून क्रिमहिल्ड खाटकीण ओरडली. "आम्हाला ऐकायचंय!"

त्यानं चौकाकडे पाहिलं. सगळे माना वर करून थांबले होते. त्याचे कान लालबुंद झाले, पण त्यानं चष्मा लावला. सगळ्या संसारात तो मला कधी एवढा आवडला नव्हता.

"बटणमोज्या!" कुणीतरी किंचाळलं. हशा पिकला, तोही हसला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. पालिकेनं तीनदा उकरून ठेवलेला नदीकाठचा रस्ता सेनापतीला हवा होता, कारण त्याला खंदक आयताच मिळत होता.

टाळ्या चालू असतानाच क्रिमहिल्डनं झग्यातून स्वतःचा चष्मा काढून लावला. मग पहारेकऱ्यानं लावला. भालेवाल्यांनी चिलखतात हात घातले, धोबिणींनी बाह्यांत. स्वीडिश सेनापतीसुद्धा घोड्यावर बसून काचा पुसू लागला. वेशीवर उतरवलेले चष्मे सगळ्यांनी जवळच ठेवले होते, फक्त याच्या धाकानं लावत नव्हते.

गोट्टहार्ड वाचता वाचता थांबला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला काही दिसतच नव्हतं?"

"तू मेलायस एवढं कळायचं," क्रिमहिल्ड म्हणाली. "आज दिसतोयस. छान दिसतोयस हो."

त्यानं माझा चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला आणि दुसरी मागणी वाचली.