नांतगारेगच्या सोडतीची टोपी

गेल्या नोव्हेंबर महिन्यातील एका शनिवारी दुपारी, दक्षिण वेल्समधील नांतगारेग या गावाच्या रग्बी मैदानावर ठरलेला विभागीय सामना खेळला गेला नाही. पाहुणा संघ आला होता, पंच आले होते, गोलखांबांना गाद्या बांधून झाल्या होत्या आणि पाऊसही नव्हता. तरीही सामना झाला नाही. त्या घटनेच्या अनेक हकिकती आज गावात सांगितल्या जातात आणि त्यांतील बहुतेक सांगणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. म्हणून, मित्रांनो, जे घडले ते मीच सांगते. मी एक जुनी लोकरी टोपी आहे. चपटी, पुढे आखूड झडप असलेली, रंगाने एके काळी करडी. त्या दिवशी मी मैदानावर होते, आणि खोटे बोलून मला मिळण्यासारखे काही उरलेले नाही.

माझी लोकर याच डोंगरांवरच्या मेंढ्यांची. ती जिथे विणली गेली ती नदीकाठची गिरणी आता नाही, आणि ज्या शिंप्याने मला शिवले त्याच्या दुकानात आता लोकांचे केस कापतात. मला विकत घेतले ओल्वेन प्रॉसरने, आपल्या नवऱ्यासाठी. इदवल प्रॉसर तेव्हा कोळशाच्या खाणीत काम करी आणि शनिवारी गावाच्या संघात पुढच्या फळीत खेळे. आठ जण डोकी खाली घालून समोरच्या आठांना भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. पुढची फळी म्हणजे त्यातले अगदी पुढचे तिघे. त्यांच्या मानेवर सगळ्यांचा रेटा येतो आणि त्यांचे कान घासून घासून कायमचे चुरगळतात. माझा जन्म त्या कानांसाठी झाला.

“चॅपलमध्ये बायका प्रवचन सोडून तुझे कान बघत बसतात,” ओल्वेन म्हणाली. “ही घाल.”

“चॅपलमध्ये टोपी काढावी लागते, बाई.”

“मग दारापर्यंत तरी घाल!”

अशा रीतीने मी त्याच्या डोक्यावर आले आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिले. खाण बंद पडली, इदवलचे खेळणे थांबले, ओल्वेन गेली. मी मात्र होते. खेळणे संपल्यावर इदवल क्लबचे सामने ठरवू लागला. कार्डिफला टेस्ट, म्हणजे दोन देशांमधला सामना, असली की मी त्याच्याबरोबर तिथे जाई. वेल्सने गुण केला की तो मला हवेत उडवी, आणि मी कोणाच्याही डोक्यावर पडले तरी हातोहात परत येई. त्या गर्दीत माझी चोरी कधी झाली नाही. माझ्या आयुष्यातला मान म्हणून मी हाच सांगेन.

पण माझे खरे आयुष्य गेले क्लबातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी. तिथे इदवल आणि निवृत्त शिक्षक एमलिन मास्तर समोरासमोर बसत आणि जगातल्या सर्व दौऱ्यांचा निवाडा करीत. न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीवाल्यांचा दौरा जाहीर झाला की त्या टेबलाला तेज चढे. वेल्सने त्यांना अखेरचे हरवले ते माझ्या जन्माआधी. माझ्या हयातीत एकदाही नाही.

“यंदा लोळवतो बघ त्यांना,” इदवल म्हणे.

“मागच्या दौऱ्यालाही यंदाच होतं,” मास्तर चष्मा पुशीत म्हणत.

“तेव्हा चाल ठरवणारा दहा नंबर ठोंब्या होता. हातात बॉल आला की पत्र लिहायला बसायचा.”

“आणि आताचा?”

“आताचा निदान तार करतो.”

मग टेबलावरची सगळी मंडळी हसत, बिअरचे पेले पुन्हा भरले जात, आणि पराभव झाला की पंच आंधळा ठरे, वारा उलटा ठरे, निवड समिती विकली गेलेली ठरे. पुढच्या दौऱ्याला इदवल पुन्हा तेच म्हणे. यात लबाडी नव्हती. तो खरोखरच तसे मानीत असे, आणि त्याचे ऐकून सबंध गाव तसे मानू लागले.

आता सोडतीविषयी. टेस्टची तिकिटे क्लबाला मिळत ती क्लब खेळता असल्यामुळे. मागणारे नेहमीच अधिक. म्हणून नावांच्या चिठ्ठ्या टाकून चार नावे काढण्याची रीत पडली, आणि त्या चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या जात. टोपी इदवलच्या डोक्यावरून काढलेली, ऊबदार असली पाहिजे. चिठ्ठी चहापाणी सांभाळणाऱ्या मेनाने भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून काढली पाहिजे. याला आव्हान देणारा अजून जन्मला नव्हता. परंतु खाण बंद पडल्यावर तरुण माणसे कामासाठी बाहेर जाऊ लागली आणि संघाला माणसे मिळेनात, तेव्हा इदवलने एक नवा नियम आणला. बघणाऱ्याची एक चिठ्ठी. जो संघात खेळतो त्याच्या दोन.

एमलिन मास्तरांनी तेव्हाच हरकत घेतली होती. “अरे, खेळाडूलाच तिकीट दिलंस तर तो बघायला जाईल. मग इथे खेळणार कोण? तू?”

“कार्डिफला टेस्ट असेल त्या दिवशी या दरीत कोण खेळतं, मास्तर? कुत्रंसुद्धा मैदानात जात नाही.”

त्या काळी हे खरे होते. टेस्टच्या दिवशी सर्व मैदाने मोकळी ठेवीत. पण पूर्वी जे दौरे वाट पाहायला लावीत ते आता दर पानगळीला येऊ लागले, एका महिन्यात टेस्टमागून टेस्ट होऊ लागली, आणि तेवढे शनिवार मोकळे सोडणे विभागाला परवडेना. त्यांनी ती सवलत बंद केली. नियम एका काळासाठी केला होता, काळ बदलला, आणि नियम तसाच राहिला. तो बदलावा असे कोणालाही वाटले नाही, कारण चिठ्ठ्यांचा तो दिवस गावाला दिवाळीसारखा झाला होता.

त्या हंगामात नांतगारेगला आधीच दोनदा सामना सोडून द्यावा लागला होता. पंधरा माणसे जमली नाहीत. तिसऱ्यांदा तसे झाले की क्लब विभागातून बाद, आणि बाद झालेल्या क्लबाला ना सामने, ना तिकिटे. इदवलला आता दुसरे काही नको होते. आपल्या डोळ्यांदेखत क्लब बुडू नये, एवढेच त्याला हवे होते.

आणि तिसरा धोक्याचा सामना नेमका न्यूझीलंडच्या टेस्टच्या दिवशी आला.

सोडतीच्या संध्याकाळी क्लब तुडुंब भरला होता. मेनाने भिंतीकडे तोंड केले. पहिली चिठ्ठी गेथिनची निघाली, दुसरी त्याचा भाऊ आयवरची. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे दोघे टायरचे दुकान चालवीत, आणि पुढच्या फळीतल्या तिघांपैकी दोन्ही कडांना खेळणारे गावात तेच दोघे उरले होते. तिसरी चिठ्ठी एमलिन मास्तरांची, आणि चौथी इदवलची. तोपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. तिथे ज्यांना हिशेब समजत होता त्यांना तो समजला होता.

कोणी म्हणतात, दोष टोपीचा. हा युक्तिवाद टिकत नाही. टोपीत जे टाकावे तेच टोपीतून निघते. ज्यांच्या दोन-दोन चिठ्ठ्या होत्या त्यांच्यातली दोन नावे निघाली, यात नवल कसले? दोष द्यायचाच तर तो विजयाची वाट पाहण्याच्या त्या वेडाला द्या, ज्याच्यापुढे घरचे मैदान सर्वांनाच लहान दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी इदवल मला घालून टायरच्या दुकानात गेला. आपले तिकीट त्याने आधीच मास्तरांच्या बहिणीला देऊन टाकले होते. ती कुठल्याही संघात खेळत नाही, हे त्याने नीट पाहून घेतले होते.

“गेथिन, या शनिवारी थांब बाबा. तुम्ही दोघं नसलात तर क्लब जातो.”

“काका, दुसरं काहीही मागा. किडनी मागा!” गेथिन हात पुशीत म्हणाला. “यंदा ते हरणार, आणि मी इथे चिखलात तोंड खुपसून बसलेला? नातवंडांना काय सांगू?”

“नाही हरत रे ते. मी सांगतो तुला.”

गाडीखालून आयवरचा आवाज आला, “ऐकलंस का दादा? काका म्हणतायत नाही हरत! लहानपणापासून आम्हाला यंदा, यंदा करत वाढवलंत, आणि आज पलटी?”

इदवल उभाच राहिला. मी त्याच्या डोक्यावर होते. त्याच्या कपाळाला सुटलेला घाम मला लागला. इतकी वर्षे त्या टेबलाशी बोललेले त्याचेच शब्द समोर उभे होते. ते खोटे तरी कसे ठरवणार? मनाच्या तळाशी त्यालाही अजून तसेच वाटत होते.

गेथिन वरमला. “असं करा, आमच्या जागी चुलतभाऊ पाठवतो दोघं. स्क्रममध्ये उभे राहिलेत ते पूर्वी. झालं ना काम?”

शनिवार उजाडला. चुलतभाऊ आले नाहीत. तेही कुठेतरी टीव्हीसमोर जागा धरून बसले होते. मैदानावर तेरा माणसे जमली. पंच म्हणून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारले, “पुढच्या फळीत कोण?” त्या जागी खेळायला शिकलेली माणसे नसतील तर खऱ्या जोराचा स्क्रम लावता येत नाही, आणि तसा सामना यजमानांनी सोडला असेच धरतात.

इदवलने मला डोक्यावरून काढले आणि मेनाच्या हाती दिले. “एक मी आहे,” तो म्हणाला. “याच जागेवर खेळलोय मी.”

कोणी हसले नाही. बाई जवळ आल्या. “काका, पहिल्याच रेट्यात तुमची मान मोडेल.”

“मोडू दे.”

“मला नाही चालणार.” त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

पाहुण्या संघाचा प्रशिक्षक पाय हलवीत उभा होता. त्याने जरा संकोचाने विचारले, “तुमच्याकडे टीव्ही आहे ना? आमची बस निघेपर्यंत बघावी म्हणतो टेस्ट.”

मग दोन्ही संघ एकाच खोलीत बसून टेस्ट पाहू लागले. मेनाने मला दाराजवळच्या खुंटीला अडकवले होते, तिथून मला सर्व दिसत होते. पूर्वार्ध संपायच्या आतच वेल्सचे काही खरे नाही हे स्पष्ट झाले. एवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि तोंडाला लाल रंग फासलेले, गळ्यात गळे घालून गाणारे दोन भाऊ क्षणभर पडद्यावर दिसले.

“अरे, आपला गेथिन!” खोली उसळली. “आयवर बघ, आयवर! रडतोय की काय गाढव!” लोकांनी टेबले बडवली. इदवलही उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. नंतर त्याचे हात आपोआप खाली आले.

त्या संध्याकाळी तो उघड्या डोक्याने घरी गेला. पुन्हा त्याने मला घातले नाही. मी खुंटीवरच आहे. भिंतीला ओल येते, माझ्या झडपेला कसर लागली आहे.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. टोपीची निगा राखून काहीही वाचत नाही. माझी विनंती एवढीच की दूरच्या मोठ्या खेळावर जीव टाकताना घरच्या लहान खेळाला अंगाने हजर राहा. मैदान हे माणसांच्या पायांनीच मैदान राहते. पाय उचलले की ते कुरण होते. आमच्या मैदानात आता मेंढ्या शिरतात. माझी विनंती उशिरा आली आहे, हेही मला ठाऊक आहे.

क्लब बाद झाल्याचा निर्णय आल्यावर जानेवारीत एका रविवारी दुपारी शेवटची सभा भरली. इमारतीचे काय करायचे ते ठरवायचे होते. मास्तरांनी विषय मांडला. मग आयवर म्हणाला की पुढच्या दौऱ्याला दक्षिण आफ्रिकावाले येतायत म्हणे.

“त्यांची पुढची फळी म्हणजे तीन कपाटं,” गेथिन म्हणाला. “पण दमतात. शेवटच्या वीस मिनिटांत घुसायचं.”

“घुसणार कोण? आपला दहा नंबर तर पायानंच मारत बसतो,” मास्तर चष्मा काढीत म्हणाले.

“मग त्याला काढा! तो नवीन पोरगा आणा.”

“त्या पोराला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, गेथिन.”

आवाज चढले, खुर्च्या पुढे सरकल्या. मेना चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. गेथिन वळला. “काका, तुम्ही बोला ना. दहा नंबरला कोण हवा?”

इदवल उठला, आपली खुर्ची त्याने टेबलाखाली सरकवली.

“क्लब संपलाय, गेथिन,” तो म्हणाला. “घरी जा सगळे.”