एक्केचाळीस हिरव्या टेस्ट

पाच वाजत आले होते आणि तेजस्विनीला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. चिंचवडच्या त्या ऑफिसात ती सात वर्षं कोड लिहीत होती. हौस पहिल्या दोन वर्षांतच फिटली होती. उद्या सकाळी तिच्या टीमचा प्रोग्रॅम चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर बसणार होता. कामगाराचा हात आत गेला की मशीन थांबवायचं, एवढंच त्याचं काम. तो तपासणाऱ्या एक्केचाळीस टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तिने ‘ओके’ लिहायचं आणि निघायचं.

पण नुसतं हिरवं बघून निघायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तिचे वडील भीमराज सव्वीस वर्षं प्रेसवर होते. रोज शिफ्टच्या सुरुवातीला ते हाताऐवजी एक लाकडी पट्टी आत घालून बघायचे, मशीन खरंच थांबतं का. त्यात चार मिनिटं जायची आणि सुपरवायझर रोज बोलायचा.

तेजस्विनीने आपली पट्टी घातली. प्रोग्रॅममधली मशीन थांबवणारी ओळच काढून टाकली आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हिरव्या.

ओळ नसताना त्या लाल व्हायला हव्या होत्या. तिने टेस्टचा कोड उघडला. प्रोग्रॅम मशीनला ‘थांब’ म्हणतो आणि सोबत आपलं एक फंक्शन देतो, की काय झालं ते याला बोलावून सांग. हाच कॉलबॅक. टेस्ट करताना खरं मशीन कुठून आणणार, म्हणून त्याच्या जागी एक सोंग उभं करतात, त्याला मॉक म्हणतात. तिच्या टीमचं सोंग ते फंक्शन निमूट घ्यायचं आणि गप्प बसायचं. सगळी तपासणी त्या फंक्शनच्या आत लिहिलेली. ते कधी कोणी बोलावलंच नाही, आणि परीक्षाच झाली नाही तर नापास कोण होणार?

अशी पहिली टेस्ट तिनेच लिहिली होती, दोन वर्षांपूर्वी, घाईत. बाकीच्यांनी ती विश्वासाने उतरवली. खापर फोडायला दुसरं डोकंही नव्हतं.

तिने ओळ परत ठेवली आणि सोंगाला बोलतं केलं. एकदा ‘थांबलो’ म्हणायचं, एकदा ‘थांबता आलं नाही’. नऊ टेस्ट लाल झाल्या. ‘थांबता आलं नाही’ असं मशीनने कळवलं तरी कामगारासमोरच्या पडद्यावर दिसत होतं, मशीन बंद आहे.

तिचा मॅनेजर निरंजन वाईट माणूस नव्हता. तोही तीन आठवडे धड झोपला नव्हता. त्याने सगळं ऐकलं. सगळ्या टेस्ट पास झाल्याचा रिपोर्ट कारखान्याकडे गेलाय, म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात टीम लीडसाठी तिचंच नाव आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त करू.

“तू हे बघितलंच नाहीस असं धरू,” तो हळू आवाजात म्हणाला. “ओके टाक आणि घरी जा.”

घरी जा म्हटल्यावर तिचा जीव खरंच मोहात पडला. मग तिने मेल लिहिली: उद्या बसवू नका, टेस्ट खोट्या आहेत, चूक माझी. चाकणलाही पाठवली.

“लीडचं विसर आता,” निरंजन मान वर न करता म्हणाला.

पिंपळे गुरवला घरी पोचली तेव्हा भीमराज जेवायला बसत होते. ती हात धुऊन समोर बसली.

“पट्टी घालून बघितली, पप्पा. थांबलं नाही.”

“मग चालू करू दिलं का?”

“नाही. आता बोलणी खावी लागतील.”

“खायची. मी सव्वीस वर्षं खाल्ली.”

एवढं बोलून ते भाकरी मोडायला लागले. त्यांच्याबरोबर प्रेसवर लागलेल्या सात जणांत दहाही बोटांनी भाकरी मोडणारे ते एकटेच उरले होते. तेजस्विनीला रडू आलं, आणि ते लपवण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.