चौथा प्रोग्राम

दोन वायरी एकमेकींना न जोडता ओलांडून जातात, तिथे बाबा कागदावर एक छोटी कमान काढतात. तिची उंची चार मिलिमीटर. जुन्या वह्यांमधली कुठलीही कमान मोजा, फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त निघत नाही. यंदाच्या वहीत पहिल्या पंधरा पानांवर कमानी नीट आहेत. पुढे काही आहेत, काही नाहीत. शेवटच्या पानांवर रेघा सरळ एकमेकींवरून गेल्या आहेत.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मोजायची सवय हाताला आहे. पण कमानी मोजायला म्हणून मी बसले नव्हते. वहीतले नकाशे कॉम्प्युटरवर उतरवत होते.

वीज कार्यालयाने नवा नियम काढला होता. नव्या घराला जोडणी हवी असेल तर वायरिंगचा छापील नकाशा द्यायचा, हाताने काढलेला चालणार नाही. बाबा एकेचाळीस वर्षं घरांची वायरिंग करताहेत. त्यांच्या भागीदाराला सगळे शिडीकाका म्हणतात, कारण छताला हात लावायला त्यांना स्टूल लागत नाही.

"आम्हा दोघा म्हाताऱ्यांना झेपेल असा एखादा प्रोग्राम शोध," शिडीकाका म्हणाले. "तुझ्या बापाला माउस म्हटलं की पिंजरा आठवतो."

"आणि याला खुर्ची दिसली की झोप," बाबा म्हणाले. "शोध ग. नाहीतर हा नियम आम्हा दोघांनाही घरी बसवेल."

मी इंटरनेटवरून चार प्रोग्राम उतरवून घेतले. पहिल्यात सोफे आणि पडदे भरपूर होते, वायर मात्र एकाच जाडीची. दुसरा कारखान्यांसाठी होता. साधा दिवा शोधायला मला वीस मिनिटं लागली. तिसरा सोपा. चिन्ह उचलायचं, ठेवायचं, रेघ ओढायची, छापायचं. चौथाही तितकाच सोपा, फक्त हा प्रोग्राम काढलेला नकाशा तपासायचाही. कुठे चूक दिसली की तिथे लाल त्रिकोण उमटायचा.

चारही प्रोग्रामना एकच नमुना द्यायचा म्हणून मी बाबांचं सर्वात अलीकडचं काम घेतलं, तीन खोल्यांचं घर. चौथ्याने न्हाणीघरावर लाल त्रिकोण दाखवला. मला वाटलं, उतरवताना माझीच चूक झाली. पुसलं, पुन्हा काढलं. त्रिकोण तिथेच. मग वही शेजारी ठेवून एकेक रेघ बोटाने जुळवली. न्हाणीघराच्या दिव्याचा स्विच बाबांनी फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर न ठेवता न्यूट्रलवर, परतीच्या वायरवर ठेवला होता.

असा स्विच बंद केला की दिवा विझतो आणि सगळं ठीक वाटतं. होल्डरमध्ये मात्र वीज तशीच असते. कुणीतरी ओल्या हाताने बल्ब बदलायला जातं.

ही गोष्ट मला बाबांनीच शिकवली होती, मी सातवीत असताना. नवख्या वायरमनच्या हातात ते आधी टेस्टर ठेवतात आणि हेच वाक्य म्हणतात.

मी आणखी नऊ नकाशे उतरवले. सहा स्वच्छ निघाले, तीन नाहीत. तिसऱ्या प्रोग्राममध्ये तेच नकाशे फार सुंदर दिसत होते.

"ठरलं का ग?" बाबा रोज जेवताना विचारायचे.

"अजून बघतेय."

"साडी घेतानासुद्धा इतका वेळ लावत नाहीस," आई म्हणायची. एकदा बाबा हात धुवायला उठल्यावर ती हळूच म्हणाली, "तुला सोपा वाटतो तोच घे. त्यांना उगाच त्रास होईल असं काही आणू नकोस." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला किती माहीत आहे, ते मी विचारलं नाही. असे पाच आठवडे गेले.

मग शिडीकाका प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत येत नव्हते, बुटांना सिमेंट लागलंय म्हणाले. मी बाहेर गेले.

"मी पुढच्या महिन्यात लेकीकडे राहायला जातोय. कायमचा. गुडघे बोलायला लागलेत."

"बाबांना सांगितलंत?"

"सांगितलं. शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तर पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारख्या घातल्या." ते हसले, आणि हसू मध्येच राहिलं. "पोरी, वर्षभर मी त्याच्या मागून टेस्टर घेऊन फिरतोय. तो जेवायला बसला की मी बोर्ड उघडतो, चुकलेलं बदलतो, झाकण लावतो. तू नमुन्याला घेतलेल्या घराच्या न्हाणीघराचंही बदललंय."

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"पाच आठवडे कुणाला प्रोग्राम निवडायला लागतात का?"

मी प्रयोगशाळेचं दार मागे ओढून घेतलं.

"मी गेल्यावर मागून कोण फिरणार?" ते म्हणाले. "मला त्याच्यापुढे बोलवत नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा माझा जीव त्याने वाचवलाय."

त्या रविवारी सकाळी बाबा स्वतःच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चष्मा पुसला. नव्या घराचं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. पिशवीत टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आधीच भरून ठेवली होती.

"आज निकाल लाव. कुठला घ्यायचा?"

तिसरा उघडायला एक बोट पुरलं असतं. मी चौथा उघडला. त्यांनी आदल्या दिवशी काढलेला नकाशा त्यात होता. स्वयंपाकघरावर लाल त्रिकोण.

"हे लाल काय आहे?"

"चूक आहे तिथे, बाबा."

ते पडद्याजवळ वाकले. बोटाने फेजची वायर धरली, स्विचपाशी आले, मागे गेले, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी बोट मध्येच थांबलं आणि तिथेच राहिलं.

"प्रोग्राम चुकतो का कधी?" त्यांनी विचारलं.

"चुकतो. पण मी हातानेही तपासलंय."

"आधीचे?"

"आधीचेही."

आई दारात येऊन उभी होती. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या मी जरा लक्ष देऊन करीन. तू फक्त संध्याकाळी एकदा बघत जा."

त्यांचा हात टेबलावर होता. मी त्यावर माझा हात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, उद्या तुम्ही जायचं नाही. उद्याही नाही आणि नंतरही नाही. आता वायरीला हात लावायचा नाही."