यादीतलं राहिलेलं नाव

माझी बायको गीताबाई वारली, त्यानंतरच्या पावसाळ्यात मला तिच्या आवाजात फोन आला. "नमस्कार चंद्रभानजी. उद्या पाणी येऊन राहिलं. धानावर फवारणी करू नका."

भुताटकी नव्हती. शेतकऱ्यांना फोनवर हवामान सांगणाऱ्या एका कंपनीने आमच्या आंधळगावात येऊन तिचा आवाज रेकॉर्ड केला होता. त्यांना आमच्या भागातली झाडीबोली बोलणारी बाई हवी होती. गीताने ओसरीवर बसून हवामानाची वाक्यं वाचली, मग शेतकऱ्यांच्या नावांची यादी. माझं नाव आलं तशी ती थांबली.

"हे मी नाही घेत."

"काकू, नुसतं नाव तर आहे," कंपनीची मुलगी म्हणाली.

"मंग तूच घे न बाई. तुले कोन अडवते?"

सगळे हसले. माझं नाव राहूनच गेलं. लग्नात उखाण्यात तिने ते एकदा घेतलं होतं, पण बँडच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुढे मी कायम रक्षाचे बाबा.

रक्षा आमची मुलगी. नागपूरला कायदा शिकते. कॉम्प्युटर, मोबाईलच्या कंपन्या जे बनवतात त्यावर हक्क कोणाचा, हा तिचा विषय. दिवाळीला घरी आली तेव्हा जेवताना मी तो नंबर लावून तिला ऐकवला. आपण फोन केला तरी तो आधी नाव घेतो, मग हवामान सांगतो.

"बाबा, आई तुमचं नाव कधीपासून घ्यायले लागली?"

"गेल्यापासून."

ती हसली नाही. "म्हणजे हे मशीननं बनवलं. रेकॉर्डिंग कंपनीचं, त्याच्या करारावर आईची सही आहे. पण तिच्या आवाजातून नवीन बोल बनवाची परवानगी करारात नाही. मानूस गेल्यावर आवाज कोनाचा, हे कायद्यात अजून साफ नाही. करार मात्र साफ आहे. बनवलेलं काढा म्हणून नोटीस देता येते."

"अन् माझं नाव?"

"ते तर पहिले जाईल."

मी हात धुवायला उठलो. आभाळ कोरडं असलं तरी मी त्या नंबरवर रोज फोन करत होतो, हे तिला माहीत नव्हतं. पण चेहऱ्यावरून कळलं असावं. ती मागे आली.

"तुम्ही नको म्हणाल तर नाही पाठवत. मले अभ्यासाले दुसरं काही भेटेल."

मी तिला ओसरीवरचं सगळं सांगितलं. ती तेव्हा घरी नव्हती. "तूच घे न बाई" ऐकून तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली.

"पाठव," मी म्हणालो. "तिनं नाही म्हटलं होतं न."

कंपनीने थोडी खळखळ केली, मग ऐकलं. गीताने स्वतः म्हटलेलं तेवढं ठेवलं. आता मी फोन लावला की ती नमस्कार म्हणते, जरा थांबते, मग हवामान सांगते. ती थांबते तेवढ्यात मी "बोल" म्हणतो.